जुनी हवाईयन, नवी हवाईयन

हवाईयन गिटार नाशिकच्या घरांत आधी रेडिओतून पोचली. 1957 साली विविध भारती सुरू झाली आणि कार्यक्रमांच्या मधल्या जागेत व्हॅन शिपली, पुढे सुनील गांगुली यांनी वाजवलेली चित्रपटगीते कानावर पडू लागली. वाद्य मूळचे हवाई बेटांवरचे. 1940च्या दशकात टाऊ मो हे तिथले कलाकार कोलकात्यात राहिले, त्यांनी शिष्य घडवले. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून स्टीलचा बार सरकवायचा, ही पद्धत मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतही रुळली. 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत तर ब्रिजभूषण काब्रांची गिटार संतूर आणि बासरीच्या बरोबरीने राग गाते. तिथली मींड ऐकली की या वाद्याचा प्राण कशात आहे ते कळते.

त्या दिवसांत हौशी वादकाकडे बहुधा साधी पोकळ गिटारच असे. मानेच्या टोकाला धातूची पट्टी बसवून तारा उंच केल्या की झाली हवाईयन. अशी गिटार आज माळ्यावरून काढून मुलाच्या हाती देण्याआधी घोडीची मागची कड नखाने चाचपून पाहा. वर्षानुवर्षांच्या ओढीने ती उचललेली असते; आपल्याकडच्या दमट पावसाळ्यानंतर कोरडी थंडी आली की उरलेला सरसही सुटतो. खुंट्यांचे दाते झिजलेले असतात, लावलेली तार थोड्या वेळात उतरते. इथेच नवशिक्याचे मोठे नुकसान होते. या वाद्यात तार पट्टीवर दाबायची नसते. बार जिथे थांबेल तिथे सूर. तारच उतरत असेल तर चूक हाताची की वाद्याची, हे त्याला कसे कळावे? कान घडायच्या आतच बिघडतो.

नव्या भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारीत तो गोडवा मला अजून सापडलेला नाही, आणि अँप्लिफायरचा खर्च वेगळा. पण चांगली निवडली तर ती सुरात टिकते. घेताना बार बरोबर बाराव्या रेघेवर ठेवा. मोकळ्या तारेचा वरचा सा स्वच्छ आला नाही तर ती घेऊ नका.

सुरुवात नवीवरच करावी, हे माझे ठाम मत. घरातली जुनी मात्र भंगारात देऊ नका. घोडी चिकटवून, खुंट्या बदलून ठेवा आणि शिकणाऱ्याचा कान तयार झाला की त्याच्या मांडीवर द्या.