दम आणि वजन

पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये दुमजली बसवर नोकरी करणारा कंडक्टर दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे, म्हणजे तिकिटे देता देता त्याची पाच ते सात वेळा पर्वती होत असे. आणि त्याच बसचा ड्रायव्हर पाळीचा बहुतेक सारा वेळ आसनावर बसून काढीत असे. दोघांची वस्ती, राहणी आणि सामाजिक दर्जा यांत म्हणण्यासारखे अंतर नव्हते. अंतर होते ते जिन्याचे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टराने ते नेमके हेरले, लंडनच्या वाहतूक खात्याच्या दप्तरांतून सुमारे एकतीस हजार नोकरांच्या आजारपणाचे आणि मृत्यूचे दाखले धुंडाळले, आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपला निष्कर्ष मांडला की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो, आणि पहिल्याच झटक्यात प्राण जाण्याचे प्रमाण तर ड्रायव्हरांच्या मानाने त्यांच्यात फारच कमी असते. टपाल वाटीत हिंडणारे पोस्टमन आणि त्याच खात्यात टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसून आला.

संशयी वाचक म्हणेल की मुळात जाड माणसेच ड्रायव्हर होत असतील. ही शंका मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनाही आली होती, आणि तिचे निरसन करण्यासाठी त्यांनी जे दप्तर उघडले ते वैद्यकाच्या इतिहासात अपूर्वच म्हटले पाहिजे: गणवेश शिवणाऱ्या विभागाकडील पाटलोणींच्या मापांचे. ड्रायव्हर नोकरीस लागतानाच अंमळ स्थूल असत हे त्या मापांवरून खरे ठरले. परंतु कंबरेचा घेर सारखा असलेले दोघे शेजारी उभे केले तरी धोका ड्रायव्हराचाच अधिक निघाला. शिंप्याच्या फितीने हृदयरोगाच्या चौकशीत दिलेली ही साक्ष मला पुढच्या अनेक महागड्या यंत्रांच्या साक्षीहून अधिक लोभस वाटते.

पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी ‘एरोबिक्स’ हे पुस्तक लिहिले आणि धावणे, पोहणे, सायकल चालविणे अशा दम वाढविणाऱ्या व्यायामांची जगभर लाट आली. तिलाच आजची पिढी सुटसुटीतपणे ‘कार्डिओ’ म्हणते. लाटेमागून वाद आला, आणि तो वाद मी घरबसल्या ऐकत असतो. माझा पुतण्या जिममध्ये जाऊन शंभर किलोंची डेडलिफ्ट मारतो आणि मला बजावतो, “काका, चालणं हा व्यायाम नव्हे, ती वाहतूक आहे.” शेजारचे निवृत्त मामलेदार रावसाहेब, जे गेली वीस वर्षे पहाटे टेकडीवर न चुकता जातात, त्यांचे मत असे की ओझी उचलणे ही हमाली आहे आणि तिने हृदयावर ताण पडण्यापलीकडे काही साधत नाही.

हमालीचाच विषय निघाला आहे तर रावसाहेबांना गोदीत नेले पाहिजे. राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकन संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यांवरील ६,३५१ गोदी कामगारांवर बावीस वर्षे लक्ष ठेवले आणि १९७५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. जहाजांतील माल अंगमेहनतीने चढविणारे-उतरविणारे जे कामगार होते, त्यांच्या मानाने हलक्या वा मध्यम कामावरील कामगारांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सुमारे पावणेदोनपट आढळले. म्हणजे ओझी उचलणारांची हृदये शाबूत राहिली होती. तरीही पुतण्याने विजयाची आरोळी ठोकू नये, कारण तो कामगार गोणी उचलून तिथेच आरशात स्वतःला न्याहाळीत उभा राहत नव्हता. ती घेऊन तो चालत होता, वाकत होता, पुन्हा परतत होता, आणि हे तासचे तास चालले होते. गोदीत वजन आणि दम यांचे खाते एकत्रच होते.

या दोन्ही श्रमांचा भार हृदयावर पडतो खरा, पण तो भार एका जातीचा नाही, आणि सारा गोंधळ हे न ओळखल्यामुळे होतो. मुठीएवढा हा अवयव विसाव्याच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकतो. माणूस धावू लागला की पायांच्या मोठ्या स्नायूंमधील रक्तवाहिन्या विस्फारतात, रस्ता मोकळा होतो, मागणी वाढते, आणि हृदयाला तेच काम चौपट प्रमाणात करावे लागते. कसलेल्या धावपटूचे हृदय तर मिनिटाला पस्तीस लिटरांच्या वर जाते. रोजच्या अशा मागणीला उत्तर म्हणून हृदयाचा कप्पा हळूहळू ऐसपैस होतो, एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडते, आणि म्हणून विसाव्याच्या वेळी नाडी सत्तरावरून पन्नासावर उतरली तरी कारभार सुरळीत चालतो. जड वजन उचलताना घडते ते याच्या उलट: आकसलेले स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या आवळून धरतात, वाट अरुंद होते, आणि हृदयाला थोडेच रक्त परंतु प्रचंड दाबाने ढकलावे लागते. त्यात माणूस श्वास कोंडून कुंथतो. या कुंथण्यालाही शास्त्रात नाव आहे, आणि ते सतराव्या-अठराव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्व्हा याचे आहे.

हा दाब किती वाढतो याचे मापन कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ मध्ये पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून केले. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी दाब ३२०/२५० इतका भरला, आणि एका पठ्ठ्याचा तर ४८०/३५० च्याही पुढे गेला. १४० हा आकडा दिसताच ज्यांच्या घरी धावपळ उडते त्या वाचकांनी घाबरून जाऊ नये. हा दाब काही क्षणांचा असतो, वजन खाली ठेवताच तो झरझर उतरतो, आणि निरोगी तरुण धमनी तो सोसते. मात्र जिची धमनी निरोगी नाही किंवा तरुण नाही अशा व्यक्तीने हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

गोदी कामगारांचा अहवाल आला त्याच १९७५ साली अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या हृदयांची ध्वनिलहरींनी मोजणी केली, तेव्हा धावणारांच्या आणि पोहणारांच्या हृदयाचा कप्पा मोठा, तर कुस्तीगिरांच्या आणि गोळाफेक करणारांच्या हृदयाची भिंत जाड अशी सरळ वाटणी त्यांना दिसली. पुढील काळातील अधिक सूक्ष्म मोजमापांत ही वाटणी तितकी काटेकोर राहिली नाही. वजने उचलल्याने हृदय दगडासारखे होते ही समजूत तर आता कोणी जाणकार बाळगीत नाही. उलट हे काम नियमाने केल्यास विसाव्याचा रक्तदाब दोन-चार अंशांनी उतरतो, जसा तो चालण्यानेही उतरतो.

मग फैसला कोणाच्या बाजूने? निरनिराळ्या धंद्यांतील माणसांची तुलना करून सूचन मिळते, निर्णय मिळत नाही. निर्णयासाठी एकाच प्रकारच्या माणसांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळे व्यायाम द्यावे लागतात. अमेरिकेतील आयोवा संस्थानात असे करण्यात आले आणि त्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पस्तीस ते सत्तर वर्षे वयाचे, वजन आणि रक्तदाब दोन्ही चढलेले ४०६ स्त्री-पुरुष घेतले. एका गटाने आठवड्यातून तीनदा तासभर केवळ दमाचा व्यायाम केला, दुसऱ्याने तेवढाच वेळ केवळ वजने उचलली, तिसऱ्याने अर्धा तास हा आणि अर्धा तास तो असे केले, आणि चौथ्याने काहीच केले नाही. वर्षाअखेर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि शरीरातील चरबी यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा केवळ दमवाले आणि अर्धे-अर्धेवाले यांची सुधारणा जवळपास सारखी भरली; नुसती वजने उचलणारांची या एकत्रित हिशेबात, काही न करणारांच्या तुलनेत, नोंद घेण्याजोगी प्रगती झाली नाही. रावसाहेबांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी चहा मागवला. त्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी की तिसऱ्या गटाने दमाचा व्यायाम निम्माच करूनही हृदयाच्या बाबतीत काही गमावले नव्हते, आणि वर ताकदही कमावली होती.

तेव्हा माझे मत मी सरळ सांगतो: केवळ हृदयाचाच प्रश्न असेल आणि दोहोंपैकी एकच निवडण्याची सक्ती असेल, तर चालावे, धावावे, पोहावे. परंतु अशी सक्ती कोणी केलेली नाही, आणि आपणा मराठी माणसांच्या बाबतीत तर वजनांची बाजू घेण्याला एक खास सबब आहे. ती पुण्यातच सापडली. येथील के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच स्वतःचे एक छायाचित्र छापले. दोघांची उंची-वजनाची सांगड घालणारा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, आणि दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी तिच्यात शिरण्यासाठी केलेली धाव, अशी मिस्किल कबुली याज्ञिकांच्या नावे तेथे नोंदलेली आहे. याज्ञिकांच्या पुण्याजवळील खेड्यांतील संशोधनात तर हे चित्र पाळण्यापासून दिसले: पावणेतीन किलोंच्या आतबाहेर भरणारी आपली बाळे इंग्रज बाळांहून लहान असतात, त्यांत स्नायू कमी असतात, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असते.

स्नायू कमी असण्याचा हृदयाशी संबंध काय, असे विचारणाराने जेवणानंतरची साखर कुठे जाते ते पाहावे. रक्तातील जी साखर इन्शुलिनच्या हुकमाने पेशींत शिरते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. कोठार लहान असले म्हणजे धान्य अंगणात पडून राहते; साखर रक्तात रेंगाळते, मधुमेहाचा पाया पडतो, आणि मधुमेहाच्या मागोमाग हृदयविकार येतो. याशिवाय चाळिशीनंतर स्नायू आपोआप झिजू लागतात, आणि नुसत्या सावकाश फिरण्याने ही झीज थांबत नाही. भारतासह सतरा देशांतील जवळजवळ एक लाख चाळीस हजार माणसांच्या पाहणीत, २०१५ मध्ये, असे आढळले की हाताच्या पकडीचे बळ पाच किलोंनी कमी असले तर मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी अधिक असतो. हे वाचून कोणी रबरी चेंडू दाबीत बसू नये. पकड ही साऱ्या अंगातील बळाची केवळ पावती आहे.

आणि यासाठी किती घाम गाळावा लागतो? जपानी संशोधकांनी अनेक पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये जो आकडा काढला तो पुतण्याला मुळीच आवडला नाही: आठवड्याला अर्धा ते एक तास स्नायूंचा व्यायाम केला की लाभाचा मोठा भाग पदरात पडतो, त्यापुढे तो त्या प्रमाणात वाढताना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे भरभर चालण्याची आणि त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. जड म्हणजे किती जड, तर आठ-दहा वेळा उचलता येईल आणि शेवटच्या खेपेला नकोसे होईल इतके. पन्नाशी ओलांडलेल्याने किंवा हृदयाचे औषध चालू असणाऱ्याने त्याहून हलके घेऊन दहा-पंधरा वेळा उचलावे. वजन वर जाताना श्वास सोडावा, कोंडू नये. रक्तदाब ताब्यात नसेल, छातीत दुखत असेल, हृदयाची झडप आकसलेली किंवा महाधमनी फुगलेली असेल, तर डॉक्टरांचा दाखला घेतल्यावाचून बारबेलला हात लावू नये. आणि जिमच्या कोपऱ्यात हलक्या आवाजात विकली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने दंडाबरोबर हृदयाची भिंतही फुगवितात व कोलेस्टेरॉल बिघडवितात, एवढे मी पुतण्याला दरडावून सांगितले आहे.

त्याला कोल्हापूरकडच्या एका तालमीत नेले तेव्हा त्याने विचारले की इथे कार्डिओ केव्हा असते. वस्तादांना तो शब्दच कळला नाही. पहाटे पोरे धावून आली होती, जोर-बैठका शेकड्यांनी झाल्या होत्या, काहींनी दोर चढून पाहिला होता, आणि आता दोघेजण फावड्याने हौद्यातील तांबडी माती खणून खालची वर करीत होते, घामाने निथळत आणि धापा टाकीत. “मेहनत चाललीय,” एवढेच वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी तिसरे फावडे पुतण्याच्या हाती दिले. शंभर किलो उचलणारा तो गडी सहा मिनिटांत खाली बसला. मी त्या दिवशी हसलो खरा, पण घरी परतल्यावर वडिलांच्या वेळची मुद्गलांची जोडी माळ्यावरून काढताना माझाच खांदा धरला, आणि आता ती जोडी दाराआड उभी असते. पर्वती तीन दिवस आणि मुद्गल दोन दिवस, असा सध्या क्रम आहे. रावसाहेब अजून नुसतेच चालतात.