माळ्यावरचा पीसी उतरवताय? आधी झाकण उघडा!

मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, लोणावळ्याचा तोच तो पॉइंट झाला. आता वीकएण्डला काहीतरी हटके हवंय? मग जुने कॉम्प्युटर जमवा! हसू नका बॉस. कुणी नाणी जमवतं, कुणी एचएमटीची घड्याळं. तशीच पिवळ्या पडलेल्या सीपीयूंची आणि फ्लॉपी ड्राइव्हचीही क्रेझ असलेली मंडळी आहेत. फक्त एक लोचा आहे. नाणं कपाटात पन्नास वर्षं पडलं तरी नाणंच राहतं. कॉम्प्युटर मात्र बंद असतानाही आतून मरत असतो.

हे मला गेल्या गणपतीत कळलं. मखर काढताना माळ्यावरून बाबांचा १९९४ सालचा ४८६ खाली आला. ऑफिसातून लोन काढून घेतलेला, त्यामुळे त्याचा थाट काय वर्णावा! वर प्लॅस्टिकचं कव्हर, खोलीबाहेर चपला, आणि मला हात लावायची बंदी. मी उत्साहात थेट प्लग खुपसायला निघालो.

‘‘अरे, आधी उघडून तरी बघ,’’ बाबा म्हणाले.

उघडलं तर मदरबोर्डच्या कोपऱ्यात हिरवट-निळी पपडी. २८६, ३८६, ४८६च्या बऱ्याच बोर्डांवर तारीख, वेळ आणि हार्ड डिस्कचं सेटिंग लक्षात ठेवायला एक निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. आडव्या ठेवलेल्या इवल्याशा पिंपासारखी दिसते आणि बोर्डाला सोल्डर केलेली असते. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खात सुटते. कीबोर्डचं सॉकेट बऱ्याचदा शेजारीच, त्यामुळे पहिला बळी त्याचा. म्हणून जुनं मशीन घरात आलं की पहिलं काम हेच. बॅटरी कापून काढायची. चालू करून बघणं नंतर!

रायव्हल कोण?

तुम्हाला वाटेल, स्पर्धा दुसऱ्या कलेक्टरशी असते. छे! खरा रायव्हल आहे सोनं काढणारा. भंगारात बोर्ड किलोवर जातात आणि सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरना भाव असतो तो त्यांतल्या सोन्यामुळे. १९९५चा पेन्टियम प्रो तर या मंडळींचा लाडका. म्हणजे मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तुम्ही ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणालात, तर तोवर तो चिमटा-ॲसिडच्या वाटेला लागलेला असू शकतो.

बाय द वे, करोडपती व्हायचे मनसुबे असतील तर विसरा. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात एक ॲपल-१ नऊ लाख पाच हजार डॉलरला गेला, हे खरंय. पण ते बोर्ड बनलेच होते दोनशेच्या आसपास. तुमच्या चुलतकाकांचा असेम्बल्ड पीसी त्यात बसत नाही!

माझं ऐकाल तर सुरुवात कीबोर्डपासून करा. आयबीएमचा १९८५ साली आलेला मॉडेल एम मिळाला तर सोडू नका. वजन दोन किलोच्या वर, प्रत्येक कीखाली स्प्रिंग, आणि मागच्या लेबलवर बनल्याची तारीख. तो महाग पडला तर आपला टीव्हीएस गोल्ड आहेच, बँकांच्या काउंटरवर खटखटणारा. दोन्ही आजही वापरता येतात. शेजारच्या क्युबिकलवाल्याच्या शिव्या मात्र फ्री!

आख्खं मशीन घेत असाल तर विक्रेत्याला ‘चालू करून दाखवा’ म्हणू नका, ‘झाकण उघडून दाखवा’ म्हणा. जुन्या सप्लायमधले कपॅसिटर थकलेले असतात, थेट लाइनवर लावलं की धूर निघू शकतो. मुरलेले मेकॅनिक आधी सिरीजमध्ये बल्ब लावून बघतात. आणि पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर स्वतः अजिबात उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत जिवावर बेतणारा दाब राहतो.

तीन रविवार

आमच्या ४८६ने तीन रविवार खाल्ले. पहिला व्हिनेगरने पपडी धुण्यात आणि नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसण्यात. दुसरा मल्टिमीटरने तुटके ट्रॅक शोधून केसासारख्या वायरने जोडण्यात. तिसऱ्या रविवारी नाण्याच्या आकाराचा सेल बसवला. त्याच्याबरोबर डायोड टाकावाच लागतो, नाहीतर बोर्ड बिचाऱ्या सेललाच चार्ज करायला जातो. मग डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे सेटअपमध्ये हाताने भरले आणि बटण दाबलं. डिस्क आधी कण्हली, मग घरघरली. स्क्रीनवर डॉसचा सी.

बाबांनी चष्मा लावला, मला बाजूला सारलं आणि न अडखळता लोटस १-२-३ उघडलं. घरखर्चाचं शीट. दूध, लाइट बिल, माझी शाळेची फी आणि एका ओळीत याच कॉम्प्युटरचा हप्ता. ते बराच वेळ आकडे बघत बसले.

‘‘एक हप्ता जास्तीचा घेतलाय रे त्यांनी,’’ बाबा म्हणाले, आणि कॅल्क्युलेटर शोधायला उठले.