कोकोची छाटकलमे

कोकोची बी पेरली की आईसारखेच झाड येईल, याची खात्री नसते. फुलांत बहुधा परपरागीकरण होते, त्यामुळे एकाच फळातल्या बियांची झाडेही उत्पन्नात वेगवेगळी निघतात. म्हणून १९३०च्या दशकात त्रिनिदादच्या इम्पिरिअल कॉलेजमध्ये निवडक झाडांच्या फांद्यांना मुळे फोडण्याची पद्धत बसवली गेली.

अर्धवट पक्व फांदीचा तुकडा घ्यायचा, पाने निम्मी कापायची, बुडाला संजीवक लावून तो निचऱ्याच्या माध्यमात, सावलीत खोचायचा. पाने मात्र सगळी काढू नयेत. मुळांना लागणारे अन्न तीच तयार करतात. खरी कसोटी ओलाव्याची. हवा दमट हवी, पण बुडाशी पाणी साचता कामा नये. सुमारे महिनाभरात मुळे धरतात. मग रोपे हळूहळू उघड्या हवेला सरावू द्यावीत. इथे घाई केली, तर सारी मेहनत वाया जाते.

छाट कुठून घेतली, हेही महत्त्वाचे. आडव्या फांदीची छाट झुडपासारखी पसरते, खोडावरच्या उभ्या फुटव्याची सरळ वाढते. छाटकलमाला बियांच्या रोपासारखे सोटमूळ नसते. त्यामुळे पहिल्या कोरड्या हंगामात त्याला सावली आणि पाणी द्यायलाच हवे.