सही कुणाची?

एस. टी. मूर्तिजापूरला थांबली आणि मला मळमळून आलं. शेजारच्या बाईनं पिशवीतलं लिंबू काढून माझ्या हातावर ठेवलं. "कितवा महिना वं माय?" मी म्हटलं, "ऊन लागलं." १९९१ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. अमरावतीत सगळे ओळखत होते म्हणून मी अकोल्याला निघाले होते. पुढे कळलं, अकोल्याच्या काही बायका याच कामासाठी अमरावती गाठतात!

मला दोन मुली. मोठी सहा वर्षांची, धाकटी तीन. धाकटीच्या वेळी इतका रक्तस्राव झाला, की रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. नंतर तांबी बसवली, तरी दिवस गेले. सासूबाई हरखल्या, "या खेपेले पोरगाच होईन." यजमान गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात होकार होता, पण नेमका कोणाला, तेच कळेना.

अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून आठवा आठवडा सांगितला. क्युरेटिंग करता येईल, म्हणाले. पाठोपाठ, "मिस्टरांची सही आणा." मी म्हटलं, मी नोकरी करते, शाळेच्या पगारपत्रकावर माझीच सही चालते. ते नुसते हसले. बाहेर आयाबाईनं समजूत काढली, "मालक मांगून भांडाले आला तं डॉक्टरनं काय करावं, बाई?"

तशीच परत आले. ते आठ दिवस कसे गेले, सांगता येत नाही. मला काहीच वाटत नव्हतं, असं मात्र कोणी समजू नये. धाकटीची झबली ट्रंकेत होती. एका रात्री ती काढली, घडी घातली, परत ठेवली. निर्णय बदलला नाही.

शेवटी अमरावतीच्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मागच्या बाळंतपणाचे कागद पाहिले, हिमोग्लोबिन तपासलं आणि म्हणाल्या, "जितका उशीर तितका धोका." मग संमतीचा फॉर्म पुढे ठेवला. त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नव्हती!

कायदाच तसा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमाखाली गर्भपात करवून घेणारी बाईही गुन्हेगार ठरे. चोरूनमारून केलेल्या उपायांत बायकांचे जीव जात. १९६४ साली शांतिलाल शाह समिती नेमली गेली, १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणं हे विवाहितेसाठी त्यात स्पष्ट कारण होतं. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरे, वीसपर्यंत दोघांचं. संमती मात्र अठरा वर्षांवरच्या बाईची, तिची एकटीची. (मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं ही निराळी गोष्ट. गर्भलिंग तपासणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हे आहेत.)

मला राहून राहून आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, जन्मलेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून जाब विचारला. पिंजऱ्यात बाई एकटीच उभी होती. तेव्हा पुरुषाची सही कोणी मागितली नाही. दवाखान्यात मात्र ती आधी हवी!

२०२१ साली कायदा बदलला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं, काही स्त्रियांना चोवीसपर्यंत मुभा आहे आणि 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितांनाही तोच हक्क असल्याचं सांगितलं. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनीही भागतं. आमच्या वेळी त्या नव्हत्या.

माझ्या वेळी यजमान सोबत आले होते. बाहेर बाकावर बसले. त्यांना कोणी काही विचारलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

मध्यंतरी ओळखीतल्या एका मुलीबरोबर गेले होते. तिचा नवरा नोकरीनिमित्त परगावी. काउंटरवरच्या तरुणानं मान वर न करताच विचारलं, "मिस्टरांची सही?" मी म्हटलं, "फॉर्मवर कुठं लिहिलंय, दाखवा." त्यानं फॉर्म उलटा केला, सुलटा केला आणि 'मॅडमना विचारून येतो' म्हणून आत गेला. आम्ही बाकावर बसून राहिलो.