होडीची मोरी

नारळी पौर्णिमा जवळ आली की उत्तनच्या किनाऱ्यावर हातोड्यांचे आवाज सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी. तेवढे दिवस शाकारून ठेवलेल्या होड्या मग उघड्या होतात. कुणी रंगाचा डबा घेऊन बसतो, कुणी इंजिन खोलतो, कुणी जाळी विणतो. अशाच एका पावसाळ्याच्या अखेरीस ओळखीच्या एका नाखवाने मला बोलावणे धाडले. मी राहायला भाईंदरला, आणि सगळी नोकरी यंत्रांच्या दुरुस्तीत गेलेली. तेव्हा इंजिनाचे काही काम असेल असे समजून गेलो. काम निघाले भलतेच.

त्याची होडी फायबरची, अठ्ठावीस फुटी, वीस वर्षांहून जुनी. पिछाडीला, जिथे खलाशी उभे राहून जाळे ओढतात, तिथे एक खोलगट जागा असते. इंग्रजीत तिला कॉकपिट म्हणतात. आपण सोयीसाठी हौद म्हणू. मागच्या हंगामात खाडीच्या तोंडाशी एक लाट मागून चढली आणि हा हौद वीतभर भरला. पाणी इंजिनाच्या झाकणातून आत शिरले, इंजिन बंद पडले. बादल्यांनी उपसता उपसता चौघांचे हात गळून गेले. शेजारच्या होडीने दोर टाकून ओढत आणले म्हणून सगळे घरी आले. त्या चौघांत नाखवाचे दोन मुलगे होते.

"पाणी कुठून येतं ते कळतं साहेब, पण जात का नाय ते कळत नाय," नाखवा म्हणाला. हातात ड्रिल मशीन होते. हौदाच्या तळाशी, आहेत त्या भोकांच्याही खाली, आणखी दोन भोके पाडायचा त्याचा बेत होता. मी म्हटले, "नाखवा, आधी थोडे गणित करू. भोके पाडायला उद्याचा दिवस आहे."

ते गणित तुम्हालाही सांगतो, कारण ते एकट्या होडीचे नाही. गच्चीवरच्या पन्हळीला आणि रस्त्याकडेच्या गटारालाही तेच लागू पडते.

हौद तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. त्यात पंधरा सेंटिमीटर पाणी साठले तर ते होते ९०० लिटर. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड, म्हणजे वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास. बारा धडधाकट माणसे एकाएकी पिछाडीला येऊन उभी राहावीत, तसे हे झाले. माणसे निदान एका जागी उभी तरी राहतात. पाणी राहत नाही. होडी डावीकडे कलली की सगळे पाणी डावीकडे धावते आणि तिला आणखी कलवते. या धावण्याचा परिणाम हौदाच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. रुंदी दुप्पट झाली तर धोका दुपटीने नव्हे, आठ पटीने वाढतो. उलट हौदाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक आडोसा घातला तर तोच परिणाम एक चतुर्थांशावर येतो. म्हणून पहिली लाट बहुधा होडी बुडवत नाही. पहिली लाट होडीला जड आणि डळमळीत करते, आणि दुसरी लाट काम पुरे करते. दोन लाटांच्या मध्ये पाणी किती बाहेर गेले, त्यावर सगळे अवलंबून.

आता ते किती वेगाने जाते? त्या होडीला एकेक इंच व्यासाची दोन भोके होती. भोकातून पाणी किती वेगाने पडेल ते वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरते. हा नियम इटलीच्या टॉरिचेल्लीने सतराव्या शतकात मांडला. शिवाय धार भोकातून बाहेर पडताना आकसते, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेबाच्या साठ टक्केच पाणी जाते, असे धरतात. हे सगळे धरून हौद रिकामा व्हायला लागतो जवळपास अर्धा तास! अर्ध्या तासात किती लाटा येतात ते उत्तनकरांना मी सांगायला नको.

भोक दोन इंची केले तर? व्यास दुप्पट, पण क्षेत्रफळ चौपट. वेळ येतो साडेसात मिनिटांवर. तीन इंची केले तर नऊपट क्षेत्रफळ आणि वेळ तीन-साडेतीन मिनिटे. म्हणजे लहान भोकांची संख्या वाढवण्यापेक्षा मोजकीच पण मोठी भोके बरी. लहान भोकाला आणखी एक खोड असते. जाळ्याचा तुकडा, प्लॅस्टिकची पिशवी, एखादा बोंबील, यातले काहीही त्याला बुजवून टाकते.

"मग तेच तर करतोय!" नाखवा म्हणाला. खरे होते. पण भोक केवढे, याच्याइतकाच भोक कुठे, हाही प्रश्न असतो.

मीरा-भाईंदरच्या माणसाला हे चटकन कळेल. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की आपल्या रस्त्यांवर पाणी तुंबते. नाले कितीही रुंद असोत, त्यांचे तोंड खाडीच्या पाण्याखाली गेले की पाणी जायचे थांबते, कधी उलटे येते. पाणी भोकाकडे बघून वाहत नाही, ते पातळीकडे बघून वाहते. होडीच्या हौदाचे तसेच. हौदाचा तळ बाहेरच्या समुद्राच्या पातळीहून वर असेल तरच तो आपोआप रिकामा होईल. त्याहून खाली पाडलेले भोक ही मोरी नव्हे, ती समुद्राला दिलेली वाट.

म्हणून आम्ही आधी पातळी मोजली. होडी पाण्यात उतरवली आणि रोजच्यासारखी भरली. डिझेल, बर्फ, जाळी आणि चारही माणसे आपापल्या जागी. बाहेरून पाण्याची रेघ खडूने आखली. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून हौदाच्या तळाची पातळी त्या रेघेशी ताडून पाहिली. तळ पाण्याच्या वर होता जेमतेम सात सेंटिमीटर, चार बोटे. वीतभर पाणी भरल्यावर त्या वजनाने होडीच सहा-सात सेंटिमीटर आणखी बसणार, पिछाडी तर त्याहून जास्त. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तळ समुद्राच्या पातळीला येणार आणि पाणी आणखी हळू जाणार. आणि जुन्या भोकांना जोडलेल्या नळ्या खाली वाकून बाहेर निघाल्या होत्या. त्यांची तोंडे तर आधीच अर्धी पाण्यात होती.

नवी असताना ही होडी अशी नव्हती. जुन्या होडीचे वजन माणसासारखेच नकळत वाढते. आधीच्यापेक्षा जड इंजिन आले, मोठी बर्फाची पेटी आली, रंगाचे थर चढले. त्यात एक छुपे वजन असते. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. हा पदार्थ स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. लाकडी होडी भरली तरी तरंगत राहू शकते, नुसती फायबरची तळ गाठते. म्हणून तळाच्या पोकळीत फोम भरतात. वर्षानुवर्षे कुठल्यातरी बारीक चिरेतून पाणी झिरपते, फोम ते पिऊन बसतो, आणि ज्याने तरंगवायचे तोच ओझे होतो. लाकडी हातोडीने तळ ठोकत गेलो. बहुतेक ठिकाणी टणटणीत आवाज आला, पण एका कोपऱ्यात तो बद्द झाला. तिथे कापून पाहिले तर फोम ओल्या स्पंजासारखा निघाला.

दुरुस्तीला सुरुवात केली ती बिनपैशाच्या कामाने. तीनशे किलोंची बर्फाची पेटी पिछाडीजवळ होती, ती चार मीटर पुढे सरकवली. तेवढ्याने पिछाडी सात सेंटिमीटर उचलली गेली. ओला फोम काढून नवा भरला आणि वरून पक्के बंद केले. नाळ पुढे फार दबली नाही ना, तेही पाहिले, कारण नाळ दबली तर होडी लाटेत घुसते.

त्यानंतर भोके. जुनी बंद करून मागच्या फळीत, हौदाच्या तळाला लागून, तीन इंची दोन नवी पाडली, दोन्ही कोपऱ्यांत एकेक. होडी ज्या बाजूला कलेल त्या बाजूचे पाणी निघालेच पाहिजे. इथे घाई करणारे एक चूक हमखास करतात. फायबरच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा प्लायवूड असते. भोक पाडून नुसती नळी बसवली की प्लायवूडची कापलेली कड उघडी राहते, पाणी पिते आणि दोन-चार वर्षांत कुजते. म्हणून भोक आधी थोडे मोठे पाडायचे, कड पूर्ण वाळू द्यायची, घट्ट कालवलेल्या रेझिनने ते भरायचे आणि मग त्या रेझिनमध्येच हव्या त्या मापाचे भोक पुन्हा पाडायचे. काम दुप्पट, पण लाकडाला पाण्याचा स्पर्श नाही.

बाहेरून रबराची झडप लावली, वरच्या कडेला अडकवलेली. आतले पाणी तिला ढकलून जाते, बाहेरची लाट तिला दाबून बंद करते. नाखवाने ती पाहिली आणि हसला. "ही तर उघाडी!" अगदी बरोबर. खारजमिनीच्या बांधात जी उघाडी असते, ओहोटीला पाणी सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी, तिचेच हे धाकटे भावंड. आतून जाळी बसवली, पण जाळीची मोकळी जागा भोकापेक्षा जास्त ठेवली. नाहीतर तीन इंची भोक कागदावरच राहते.

शेवटी इंजिनाचे झाकण. त्याच्याभोवती चार बोटे उंच कठडा उठवला आणि रबराची पट्टी लावली. हौद भरणे हा त्रास आहे. हौदातले पाणी खाली इंजिनात उतरणे हे संकट आहे.

"मोठा पंप बसवला असता तर एवढा खटाटोप वाचला असता," असे धाकटा मुलगा म्हणाला. पंप हवाच, पण तळात झिरपलेल्या पाण्यासाठी. बाजारात ताशी ५०० गॅलनचा म्हणून मिळणारा लहान पंप तासाला १९०० लिटर टाकतो, तोही नळीची उंची धरली नाही तर. म्हणजे आपले ९०० लिटर काढायला पुन्हा अर्धा तासच. शिवाय बॅटरी बुडाली की पंप संपला. गुरुत्वाकर्षणाला बॅटरी लागत नाही.

हे लाटेचेच नव्हे, पावसाचेही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस या सहा चौरस मीटरच्या हौदात पडला तर साडेपाच हजार लिटरांहून जास्त पाणी होते. मोरी बुजलेली होडी नांगरावर उभ्या उभ्या बुडते, ती अशी.

सगळे झाल्यावर बंदरातच परीक्षा घेतली. होडी भरली, झडपा बाहेरून दाबून धरल्या, पंपाने हौदात वीतभर पाणी घेतले आणि झडपा सोडल्या. घड्याळ माझ्या हातात. साडेचार मिनिटांत तळ दिसू लागला. झडपेचा अडथळा आणि बसलेली पिछाडी धरता हिशेबाशी जुळणारे.

बंगालच्या उपसागरातल्या मच्छीमारांसाठी १९७९ साली चेन्नईत सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने फायबरच्या किनारी होड्यांवर बरेच काम केले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा होड्या मोठ्या संख्येने आल्या. आपल्याकडेही लाकूड महागले तसे फायबर वाढले. त्यातल्या कितीतरी होड्या आता वयात आल्या आहेत. फायबर कुजत नाही, म्हणून होडी जुनी होत नाही असे आपल्याला वाटते. पण ती दरवर्षी थोडी खाली बसत असते.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी होडी आहे त्यांनी नारळ सोडण्याआधी एक काम करावे. होडी नेहमीसारखी भरावी, हौदात दहा बादल्या पाणी ओतावे आणि उभे राहून बघावे. पाणी गेले तर उत्तम. रेंगाळले तर कुठे रेंगाळते ते पाहावे. आणि पाणी ओतण्याआधीच हौद ओला दिसला, तर त्या दिवशी दर्यावर जाऊ नये.

नाखवाचे दोन्ही मुलगे त्या हंगामात गेले. पहिल्या फेरीहून परतल्यावर थोरल्याने मला फोन केला. मासळीबद्दल तो काही बोललाच नाही. म्हणाला, "काका, एक लाट आत आली होती. आम्ही बादलीला हात नाय लावला."