पोर्टर बिअर

भाजलेल्या माल्टपासून तयार केलेली, गडद तपकिरी रंगाची व मध्यम कडवट चवीची बिअर. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती लंडन येथे प्रचारात आली. तेथील रस्त्यांवर व टेम्स नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणारे हमाल (पोर्टर) हे तिचे मुख्य ग्राहक असल्याने तिला हे नाव पडले. मोठ्या कारखान्यांत प्रचंड प्रमाणावर तयार होऊन सामान्य जनांपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या बिअरींत तिची गणना होते. अशा पेयाची प्रत कोणी व कोणत्या निकषांवर ठरवावयाची, हा प्रश्न म्हणूनच तिच्या इतिहासाशी निगडित आहे.

निर्मिती : सातूला (बार्लीला) मोड आणून ते भट्टीत वाळविले म्हणजे माल्ट तयार होते. पोर्टरसाठी फिकट माल्टमध्ये तपकिरी, कॅरमेल व काळे माल्ट मिसळतात. भरडलेले माल्ट गरम पाण्यात मुरविले असता त्यातील स्टार्चाचे शर्करेत रूपांतर होते. गाळून घेतलेला द्रव हॉप वनस्पतीच्या फुलोऱ्यांबरोबर उकळतात व थंड झाल्यावर यीस्ट घालून त्याचे किण्वन (आंबविण्याची क्रिया) करतात. इंग्लिश पोर्टरमध्ये अल्कोहॉलाचे प्रमाण घनफळाने सु. ४ ते ५·५ टक्के, तर बाल्टिक समुद्रालगतच्या देशांतील पोर्टरमध्ये सु. ६·५ ते ९·५ टक्के असते.

इतिहास : सॅम्युएल व्हिटब्रेड यांनी १७४२ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून लंडनच्या चिझवेल स्ट्रीटवरील कारखाना उभा राहिला. १७९६ मध्ये त्याचे उत्पादन दोन लाख पिंपांवर गेले. पोर्टर मुरविण्यासाठी कारखानदार प्रचंड लाकडी टाक्या बांधू लागले. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमधील हॉर्स शू या मद्यनिर्माणीतील अशी एक टाकी फुटून लगतच्या वस्तीत बिअरचा लोंढा शिरला व आठ जण मृत्युमुखी पडले.

दरम्यान द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा वापर मद्यनिर्मितीत रूढ होत होता. जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्टपासून अधिक शर्करा मिळते, हे अशा मोजमापांतून स्पष्ट झाल्यावर कारखानदार फिकट माल्टकडे वळले. मात्र पोर्टरचा परिचित गडद रंग आता अन्य मार्गांनी आणणे भाग पडले. डॅन्येल व्हीलर यांनी १८१७ मध्ये माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले, तेव्हा या अडचणीवर कायदेशीर उपाय सापडला.

भेसळ व जिभेची मर्यादा : रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख आकुम यांनी १८२० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या अन्नभेसळीवरील ग्रंथात पोर्टरचा तपशीलवार विचार केला आहे. रंगासाठी करपविलेली साखर वा काकवी, कडवटपणासाठी क्वासियाचे लाकूड, फेसासाठी हिराकस आणि नवी बिअर जुनी भासावी म्हणून सल्फ्यूरिक अम्ल असे पदार्थ वापरले जात. नशा वाढविण्यासाठी काकमारीची फळे घालीत. ही विषारी फळे भारतातून तिकडे जात. मासे गुंगविण्यासाठी त्यांचा येथे पूर्वीपासून उपयोग होत असे. हे पदार्थ बाळगण्यास १८१६ च्या कायद्याने मद्यनिर्मात्यांना मनाई केली होती. रंग, फेस, कडवटपणा, मुरलेपण आणि मादकता या ज्या गुणांवरून ग्राहक पोर्टरची पारख करी, नेमके तेच गुण भेसळीने उत्पन्न करता येत होते. परिणामी अनुभवी जीभही फसे व फसवणुकीचा भार अखेर हमालाच्या शरीरावर पडे. शुद्धतेची ग्वाही रासायनिक परीक्षणच देऊ शकते, चव नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

आस्वादन : पोर्टर अतिथंड घेतल्यास तिचा गंध दबतो, म्हणून परीक्षणासाठी ती सु. १०° ते १३° से. तापमानास, स्वच्छ व निर्गंध काचपात्रात ओततात. गंधद्रव्ये लवकर उडून जात असल्याने प्रथम वास घेतात. नंतर पात्र उजेडासमोर धरून रंग, निवळपणा व फेसाचा टिकाऊपणा पाहतात. चांगल्या पोर्टरच्या कडांना बहुधा तांबूस छटा दिसते. चवीत भाजलेला पाव, कॅरमेल, कवची फळे व चॉकलेट यांची आठवण व्हावी. भाजकेपणा सौम्य असावा, राखेसारखा तुरट नसावा. घोट गिळल्यावर मागे राहणारा कडवटपणाही विचारात घेतात. दोन नमुन्यांमध्ये पाणी व बिनमिठाचा पाव घेऊन तोंड स्वच्छ करतात. लोण्यासारखा वास डायासिटिलाचा, उकडलेल्या मक्यासारखा डायमिथिल सल्फाइडाचा, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास शिळेपणाचा निदर्शक असतो. आंबूस, शिरक्यासारखी चव जंतुसंसर्ग सुचविते.

गुणांकन : अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बिअर-परीक्षकांच्या एका प्रमाणीकरण योजनेत एकूण ५० गुण असतात. त्यांपैकी गंधास १२, स्वरूपास ३, चवीस २०, तोंडातील स्पर्शास ५ व एकंदर परिणामास १० गुण देतात. २१ ते २९ गुण मिळविणारी बिअर चांगली, ३० ते ३७ गुणांची फार चांगली, तर ३८ ते ४४ गुणांची उत्कृष्ट समजली जाते. या पद्धतीत बिअरची तुलना तिच्या स्वतःच्या प्रकाराच्या वर्णनाशी करतात. कारखान्यांत यापेक्षा वेगळी त्रिकोण-चाचणीही वापरतात. तीत परीक्षकास तीन पेले दिले जातात. दोहोंत एकच बिअर व तिसऱ्यात वेगळी असते. वेगळा पेला केवळ अंदाजाने ओळखण्याची संभाव्यता एक-तृतीयांश असल्याने अनेक परीक्षकांची उत्तरे संख्याशास्त्रीय रीतीने तपासतात. ही चाचणी १९४० च्या दशकात डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग मद्यनिर्माणीत विकसित झाली.

व्यापारी प्रमाणावर खपणाऱ्या पोर्टरचे मूल्यमापन करताना या दोन पद्धतींतील भेद महत्त्वाचा ठरतो. अशी बिअर बहुधा सौम्य, हलकी व माफक किंमतीची असते. वेष्टन व किंमत डोळ्यांसमोर ठेवून तिची तीव्र, दीर्घकाळ मुरविलेल्या प्रकारांशी तुलना केल्यास तिला हटकून कमी गुण पडतात. वस्तुतः लाखो बाटल्यांत एकच चव राखणे व दोष टाळणे हे तिचे खरे कौशल्य होय. सौम्य पेयात दोष झाकण्यास वाव कमी असतो. म्हणून नाव झाकून, सांकेतिक क्रमांक देऊन व समान प्रकारच्या बिअरींबरोबर केलेले परीक्षणच न्याय्य ठरते.

प्रसार : एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैनिकांसाठी पोर्टर मोठ्या प्रमाणावर आयात होई. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधून ती जवळजवळ नाहीशी झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिचे तेथे पुनरुज्जीवन झाले. पोलंड, फिनलंड, स्वीडन व अमेरिका येथील काही जुन्या मद्यनिर्माणींनी मात्र तिची परंपरा राखली. मूळच्या कष्टकऱ्यांच्या या पेयाची पारख आज तज्ञ मंडळी करीत असली, तरी कोणताही गुणांक ज्या मापदंडाने दिला असेल, त्याच्या उल्लेखावाचून निरर्थक ठरतो.