संगणकीय आज्ञा आणि माहितीची गळती

रायपूर येथील ‘चिप्स’ ही संस्था छत्तीसगडच्या ई-प्रशासनाची धुरा वाहते. राज्यातील धान खरेदीचे २००७-०८ मध्ये संगणकीकरण झाले आणि शेतकऱ्यांच्या देयकांचा हिशेब सर्व्हरवर आला. त्यामुळे अशा माहितीची गोपनीयता हा सामान्य नागरिकाच्या हिताचा प्रश्न ठरतो.

अधिकार नसलेल्या वापरकर्त्यास एखाद्या प्रोग्राममुळे गुप्त मजकूर दिसणे, यास ‘माहिती उघड करणारा दोष’ म्हणतात. यात माहिती बदलत किंवा नष्ट होत नाही. म्हणूनच गळती लवकर ध्यानात येत नाही.

लिनक्समधील ‘सीएचएफएन’ व ‘सीएचएसएच’ या आज्ञा सामान्य वापरकर्त्याने दिल्या तरी प्रशासकाच्या अधिकाराने चालतात. २०२२ मध्ये त्यांत असा दोष उघडकीस आला की, रीडलाइन ग्रंथालयासह बांधलेल्या आवृत्तीत त्या वापरकर्त्याने सुचविलेली संरक्षित फाइल वाचत आणि तिच्यातील मजकूर त्रुटी-संदेशात छापत. ‘युटिल-लिनक्स’च्या २.३७.४ या आवृत्तीत तो दूर झाला.

काही गळती सवयीतून होते. आज्ञेसोबतच पासवर्ड लिहिल्यास ‘पीएस’ या आज्ञेद्वारे तो त्याच यंत्रावरील इतरांना दिसू शकतो. किमान अधिकार, वेळेवर सुधारणा आणि पासवर्ड स्वतंत्रपणे देणे, हे यावरील उपाय होत.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ब नुसार ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय यंत्रणा आहे. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, विहित सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक आहे.